मठपती बाई आणि चित्रात नसलेली माणसं

चित्रांचं पुस्तक उघडलं की कुठलीही बाई मुलांना विचारते, "बाळांनो, चित्रात कोण कोण आहे?" आमच्या मठपती बाई पुस्तक डोक्याच्याही वर धरायच्या, अख्ख्या वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवायच्या आणि उसाच्या फडातली पाखरं उठतील अशा आवाजात विचारायच्या, "सांगा, ह्यात कोण न्हाय?"

पहिल्या दिवशी पोरं गप्प बसायची. मग एखादं धाडसी पोरगं उठायचं.

"हत्ती न्हाय!"

"बराबर. आनि?"

"हेडसर न्हाईत!"

"बराबर. बरंच हाय. आनि?"

"मुख्यमंत्री न्हाय! आमची म्हस न्हाय! रेल्वे न्हाय!"

असा गोंधळ सुरू झाला की शेजारच्या वर्गात मी फळ्यावर मांडलेला भागाकार तसाच राहायचा, कारण मधली भिंत माणसाच्या उंचीएवढीच होती आणि माझी चौथीतली मोठी पोरंही पलीकडच्या पहिलीला उत्तरं पुरवायची.

मी एकदा वैतागून विचारलं, "बाई, चित्रात जे आहे ते सोडून जे नाही ते काय विचारता?"

त्या म्हणाल्या, "जे हाईत ते दिसत्यातच की. त्यांचं काय शिकवायचं?"

ही शाळा कागलजवळच्या एका गावातली, जिल्हा परिषदेची. मी शाहूपुरीतल्या माझ्या घरून रोज एस.टी.नं जायची. गावाच्या माळावर तेव्हा पंचतारांकित एमआयडीसी उभी राहत होती. गावकऱ्यांना त्यातले तारे काही दिसले नाहीत. ट्रक मात्र भरपूर दिसले. निम्म्या घरांतली माणसं कारखान्यात लागली, काही जण गाड्यांवर ड्रायव्हर-क्लीनर म्हणून गेले.

बाई बदलून आल्या त्या दिवशी वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून आधी एक पत्र्याची पेटी उतरली. ती उतरवायला दोन माणसं लागली. मागून हातात एक कापडी पिशवी घेऊन बाई उतरल्या. बुटक्या, रुंद, कपाळावर विभूतीचे पट्टे. हेडसरांना वाटलं, पेटीत संसार आहे. उघडली तर पुस्तकं. लहान मुलांची, पातळ, चित्रांची. काही विकत घेतलेली, काही घरी केलेली. संसार होता तो पिशवीत.

बाई गडहिंग्लजच्याही पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका खेड्यातल्या. घरात कानडी, शाळेत मराठी, राग आला की दोन्ही. त्यांनी मला पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए तंगी!" मला वाटलं, पगाराची तारीख लांबली म्हणून बोलताहेत. मी म्हटलं, "हो ना, महिनाअखेर आहे." त्या खो खो हसल्या. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पुढं आमची ओळख वाढली तरी पैशाची अडचण आली की त्या मलाच बोटानं दाखवून म्हणायच्या, "हीच बघा माझी तंगी."

बहीण मानली ती नुसती तोंडानं नव्हे. मी कांबळे. शाळेत माझ्या डब्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत सगळ्यांचे हात एकमेकांच्या डब्यांतून फिरायचे ते माझ्या डब्याशी आल्यावर वळायचे. बाईंनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी न विचारता माझा डबा स्वतःकडे ओढला.

"काय आनलंयस?"

"सुकट आहे, बाई. तुम्हाला चालणार नाही."

"अय्यो शिवा! मासळी न्हाय खात मी. मग भाकरी दे." आणि माझी अर्धी भाकरी मोडून त्यांनी स्वतःच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली. खाताना मोठ्यानं म्हणाल्या, "भाकरी कुनी केली? आईनं? हात चांगला हाय." बाकीचे सगळे आपापल्या डब्यात काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत राहिले.

बाईंच्या दोन्ही हातांवर कोड होतं. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरे डाग, शिवाय ओठाच्या कडेला एक. नवीन वर्गात पोरं त्या हातांकडे चोरून बघायची. बाई लगेच बाह्या वर सारायच्या. "चोरून काय बघतासा? या, हात लावून बघा. रंग निघतोय का बघा." मग पोरांची रांग लागायची. कुणी घासून बघायचं, कुणी थुंकी लावून. सगळ्यांची खात्री झाली की बाई म्हणायच्या, "निघत न्हाय. बसा आता खाली."

मुलांच्या रंगपेटीत एक फिकट गुलाबी खडू असे. पोरं त्याला 'अंगाचा रंग' म्हणत. बाई तो हातात धरून सगळ्या वर्गाला विचारायच्या, "ह्यो कुनाच्या अंगाचा? हाय का कुनी? उठा की." कुणीच उठायचं नाही. मग पोरं आपापल्या हाताशेजारी खडू ठेवून तपकिरी, काळा, पिवळा असे मिसळून रंग शोधायची. एका पोरानं बाईंचं चित्र काढलं आणि म्हटलं, "बाई, तुमाला दोन खडू लागत्यात." बाई म्हणाल्या, "मग? म्हाग हाय मी."

नवऱ्याविषयीही त्या अशाच बोलायच्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पहिला डाग आला आणि सासूनं त्यांना माहेरी आणून सोडलं. "पत्ता चुकलेलं टपाल परत येतंय बघ, तसं मला परत केलं," असं सांगून त्या हसायच्या. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

सरकारी पुस्तकात कुटुंबाचं चित्र होतं. वडील खुर्चीत वर्तमानपत्र वाचताहेत, आई चुलीपाशी, मुलाच्या हातात चेंडू, मुलीच्या हातात बाहुली. बाईंनी आपला प्रश्न टाकला. हत्ती, म्हस, हेडसर, सगळं होऊन गेलं. मग मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात बा हाय. आमच्यात न्हाय." दुसरं म्हणालं, "आमच्यात आई कंपनीत जाती. भाकरी बा थापतोय, पर जाड थापतोय." बाईंना तेच हवं होतं. त्या दिवसापासून त्यांनी एक पुस्तक करायला घेतलं. जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद, खळ, दाभण आणि सुतळी. पानापानावर गावातलं एकेक घर. आजी आणि नात एवढंच घर. रात्रपाळी करून दिवसा बाळाला झोपवणारा बाप. मशिदीमागचे दर्जी चाचा. पायानं अधू असलेला सायकलवाला. दर मंगळवारी साडी नेसून, परडी घेऊन येणारा, देवीला सोडलेला जोगता; त्याला बघून पोरं फिदीफिदी हसायची, पण पुस्तकात आल्यापासून ती त्याला "आमच्या पानावरचा" म्हणून ओळखायला लागली.

पुस्तक गावभर फिरलं. सरपंच तणतणत शाळेत आले.

"बाई, मला म्हशीशेजारी का काडलंय?"

"सायेब, ते म्हशीचं पान हाय. तुमी तिच्या शेजारी हाईसा."

सरपंचांनी ते पान पुन्हा एकदा बघितलं आणि ते चहा न घेता निघून गेले.

हे सगळं गमतीनं चाललं होतं, तोवर चाललं होतं.

शाळेत खिचडी शिजायला लागली त्या वर्षीची गोष्ट. बाईंच्या दुसरीच्या वर्गात सारिका नावाची मुलगी होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची, सतत नाक ओढणारी. तिचा बाप ट्रकवर ड्रायव्हर होता, तो आजारी पडून गेला. वर्षाच्या आत आई गेली. घरात ती आणि आजी. आजी लोकांच्या शेतात तण भांगलायला जायची. आईबाप कशानं गेले ते गावाला माहीत होतं, पण त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. "त्यो रोग" म्हणत. पुढं सारिकाच्या अंगावर पुरळ उठलं, दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि दवाखान्यातली बातमी आजीच्या आधी गावात पोहोचली.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत सारिकाच्या पुढची मुलगी पुढं सरकली, मागची मागं सरकली. मध्ये ती एकटी, ताट धरून. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं डाव वरूनच उलटा केला. निम्मी खिचडी खाली पडली. सारिका बसून सांडलेली शितं गोळा करायला लागली. मठपती बाई आल्या, तिच्या शेजारी फरशीवर फतकल मारून बसल्या आणि तिच्याच ताटातला घास उचलून खाल्ला.

"मीठ कमी हाय," त्या ओरडल्या. "मीठ आना कुनीतरी!"

मीठ कुणी आणलं नाही.

बाईंनी तालुक्याहून एका डॉक्टरीण बाईंना बोलावून आणलं. त्यांनी सभा घेऊन सांगितलं की शेजारी बसून, हात लावून, एका ताटात जेवून हा रोग होत नाही. गावानं माना डोलावल्या. सभा संपल्यावर एकानं विचारलं, "मॅडम, तुमची पोरं कंच्या शाळंत हाईत?" त्या आपले कागद गोळा करायला लागल्या. तेवढं गावाला पुरलं.

सोमवारी दुसरीच्या वर्गात सारिका सोडून कुणी आलं नाही. पोरं घरून दप्तर घेऊन निघाली होती, पण आत जायचं नाही म्हणून बजावलेलं. सगळी शाळेच्या दगडी गडग्यावर चिमण्यांसारखी बसून राहिली. हेडसर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मला म्हणाले, "कांबळे बाई, त्यांना सांगा, पोरीला काही दिवस घरी ठेवू. वातावरण निवळेपर्यंत." मी निरोप घेऊन गेले.

बाई रिकाम्या वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडत होत्या. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तंगी, वातावरन म्हंजे काय ढग हाय व्हय, आपोआप जायाला? तू तुझ्या वर्गावर जा."

मग सारिकाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सांग, वर्गात कोण न्हाय?"

सारिका बोटं दुमडत एकेकाचं नाव घ्यायला लागली. स्वाती न्हाय. इरफान न्हाय. दोन्ही संतोष न्हाईत. ती सगळ्यांची नावं घेत गेली, एकही विसरली नाही. गडग्यावर बसलेल्यांना आपापलं नाव ऐकू येत होतं आणि ती चुळबुळत होती.

बाईंनी पुस्तक काढलं. त्यांनीच नवीन केलेलं, एका रेडकाचं. त्याला शेताच्या वाटेनं, पाणंदीतून जायचं असतं आणि गावातली सगळी जनावरं काही ना काही कारण काढून त्याला परत पाठवतात. बाई नेहमीच्या आवाजात, म्हणजे चार वर्गांना पुरेल अशा आवाजात, वाचायला लागल्या. म्हशीचा आवाज काढला, बोकडाचा काढला, सरपंचांसारखा खाकरणारा बैल काढला. बाहेरची पोरं हसली. हसता हसता गडग्यावरून खाली उतरली, खिडक्यांशी आली. बाईंनी अलगद पुस्तकाची पाठ खिडकीकडे केली.

"आनि मग," बाई म्हणाल्या, "पानंदीच्या टोकाला कोण हुबं हुतं... अय्यो! केवडं ते! सारिका, बघ बघ, त्येचं तोंड बघ!"

सारिका तोंडावर हात ठेवून खदखदा हसायला लागली.

"काय हाय वो बाई?" खिडकीतून एकानं विचारलं.

"चित्र हाय."

"कशाचं?"

"चित्र कानानं दिसत न्हाय. आत या."

पहिली स्वाती आली. दारातून नव्हे, खिडकीतून. दारावर हेडसर होते. तिच्या मागं इरफान, मग एक संतोष. थोड्या वेळानं निम्मा वर्ग सारिकाच्या खांद्यावरून पुस्तकात वाकलेला होता. मी माझ्या वर्गात खुर्चीवर चढून ते बघत होते, आणि माझ्या वर्गातली पोरं भिंतीवर टांगलेली होती.

तेवढ्यात स्वातीची आई आली. कुरणे वहिनी. कंपनीच्या गेटवर त्यांचा वडा-चहाचा गाडा. तिथल्या भांडणांतून कमावलेला आवाज. त्यांनी स्वातीचा दंड धरला.

"बाई, माज्या पोरीला काय झालं तर तुमी बगनार हाईसा?"

बाईंनी आपला डागाळलेला हात पुढं केला. "वैनी, हातात हात द्या."

वहिनी एक पाऊल मागं सरकल्या. मुद्दाम नव्हे, पाय आपोआप गेला.

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "दोन वर्सं ह्याच हातानं तुमच्या पोरीचं नाक पुसलंय. काय झालं तिला?"

"तुमचं येगळं वो."

"माझं येगळं हाय हे माझ्या सासूला न्हाय पटलं."

वहिनी स्वातीला ओढत घेऊन गेल्या. पण दुसऱ्या दिवशी स्वाती आली आणि तिच्याबरोबर वहिनीही आल्या. "पोरीवर नजर ठेवाय आलोय," म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून दाराशी बसल्या. बाईंनी रेडकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बैल खाकरला तेव्हा वहिनींचा पदर सुटला आणि तो परत लावायचं त्यांना सुचलं नाही. गोष्ट संपल्यावर सगळ्यांच्या आधी त्यांनीच विचारलं, "मग त्ये रेडकू पुढं गेलं कुठं?"

दोन-तीन आया अशा यायला लागल्या. काही पोरं परत आली, काही आलीच नाहीत. त्यांचे दाखले शेजारच्या गावात गेले. सारिकाच्या एका बाजूला बाई बसायच्या आणि दुसरी बाजू बहुतेक वेळा मोकळीच राहायची. कधी स्वाती बसायची, आई नसेल त्या दिवशी. मी कुणाला सांगत नाही की पुस्तकानं गाव बदललं. पुस्तकानं एवढं केलं की एका पोरीची दुसरी पुरी झाली.

मे महिन्यात बाईंची बदली झाली. चंदगड तालुक्यात, आतल्या एका वाडीवर. कागदावर कारण 'प्रशासकीय' होतं. गावातली काही मंडळी तालुक्याला जाऊन आली होती हे सगळ्यांना माहीत होतं. सरपंच त्यांच्यात नव्हते, हे मात्र सांगायला हवं. पेटी जीपवर चढवताना एका बाजूला त्यांनी हात लावला.

"म्हशीचं पान काडून टाकू का?" बाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," सरपंच म्हणाले. "म्हस मेली गेल्या महिन्यात."

सारिका जीपच्या मागं पळाली नाही. आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. बाईंनी जाता जाता तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आजीशी बराच वेळ कानडी-मराठीत कुजबुजल्या. मला वाटलं, औषधपाण्याचं असेल.

जूनमध्ये मला तिसरीचा वर्ग मिळाला. सारिका माझ्याकडं आली. मी तिला पुस्तकं वाचून दाखवायची, ती नम्रपणे ऐकायची आणि म्हणायची, "मठपती बाई ह्यापरास मोठ्यानं वाचायच्या." जुलैत ती यायची थांबली. ताप, खोकला, जुलाब. आजीनं तिला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, घरी आणलं, परत नेलं. मी शाळा सुटल्यावर वॉर्डात जायची. एकदा तिनं मला विचारलं, "चंदगड लई लांब हाय?" मी म्हटलं, "एका एस.टी.चं तर आहे." ती म्हणाली, "मग बरं." श्रावण संपता संपता ती गेली.

गावात आणली तेव्हा दारात आजी आणि मी. शेजारपाजारच्या बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पोरीला अंघोळ घालायची होती. आजीला तांब्या धरवत नव्हता. कुणी पुढं येईना. मग समोरून कुरणे वहिनी आल्या. त्यांनी दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या आणि मनगटांवर सुतळीनं घट्ट बांधल्या होत्या. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "पानी ओता." मी ओतलं. त्यांनी घातली.

वाडीवरच्या शाळेत फोन नव्हता. मी रविवार गाठायला थांबले नाही, शनिवारी रजा टाकली आणि चंदगडची एस.टी. धरली. गडहिंग्लजच्या पुढं पावसानं काच दिसेनाशी झाली. चंदगडातून वडापच्या जीपनं आणि शेवटी चालत. सगळीकडं भातं, पाणी आणि काजूची झाडं. शाळा सापडायला मात्र वेळ लागला नाही. बाईंचा आवाज पावसातूनही ऐकू येत होता.

मी भिजलेली छत्री घेऊन दारात उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. हातातलं पुस्तक त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, एकही आवाज न गाळता. म्हैस, बोकड, सगळे. घंटा झाली, पोरं गेली. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कवा?"

"मंगळवारी. सकाळी."

"हं."

त्यांची खोली शाळेच्या मागंच होती. बाईंनी मला कोरडं लुगडं दिलं, चूल पेटवली, चहा टाकला. अशा गप्प बाई मी कधी बघितल्या नव्हत्या. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"अंघोळ कुनी घातली?" चहा गाळताना त्यांनी विचारलं.

"कुरणे वहिनींनी."

गाळणी हातात तशीच राहिली.

"हाताला पिशव्या बांधून," मी म्हटलं. ते लपवावंसं वाटलं नाही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. मोठ्यानं, नेहमीसारख्या. "बांदू दे की! पिशव्या तर पिशव्या. घातली न्हवं?" हसता हसता तो आवाज मध्येच कुठंतरी फाटला. त्या तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळल्या. चहा निवून गेला.

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. बाईंची लुगडी वरच्या दोरीवर होती. पण दाराशेजारी, माझ्या कमरेच्याही खाली, एक खुंटी नवीन ठोकलेली होती. तिच्याभोवती उडालेले चुन्याचे टवके अजून ताजे होते. तिच्यावर लहान मुलाचा एक पिवळा रेनकोट अडकवलेला. दुकानातल्या घड्या तशाच होत्या. खाली दोन ताटल्या पालथ्या घातलेल्या, एक मोठी, एक लहान.

बाईंनीच तोंड पुसून सांगितलं.

"म्हातारी हो म्हनली हुती. गनपती झाल्यावर न्यायाला जानार हुतो मी. हितनं बेळगाव जवळ. तिथं एक डॉक्टर हाय, आता औषध मिळतंय म्हनला." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "शाळंत बी घातली असती. हितं कुनाला काय म्हायती हाय? आनि कळलं असतं तर बघितलं असतं. हात हाईतच की माझे, दावायला."

त्या उठल्या, रेनकोट खुंटीवरून काढला आणि हातांनी झटकला, त्यावर काही नसताना. बाह्या सरळ केल्या. टोपी बाहेर काढली, परत आत सारली.

"दुकानदार मापाचा देत हुता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, नको बाबा. पोरगी वाढंल की. दोन पावसाळं तरी जायाला पायजेत. म्हनून मोठा घेतला."

परत जाण्याची एस.टी. चुकेल म्हणून मी उठले. बाईंनी रेनकोट पुन्हा त्या खुंटीवर अडकवला. खुंटी इतकी खाली होती आणि रेनकोट इतका मोठा, की त्याची कड जमिनीला टेकत होती. त्यांनी वाकून ती थोडी वर उचलून बघितली, सोडली, आणि माझ्यासाठी दार उघडलं.